सॉकेटमधला तीनशे रुपयांचा व्होल्टमीटर: बॅटरीचा लाल दिवा गप्प असतो तेव्हासाठी

सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा, तीन आकडे दाखवणारा छोटा व्होल्टमीटर ऑनलाइन आणि कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांत साधारण २०० ते ५०० रुपयांना मिळतो. बहुतेकांवर एक-दोन यूएसबी पोर्ट असतात, त्यामुळे दुकानदार तो मोबाइल चार्जर म्हणून विकतो आणि आकडे ही वरची शोभा समजतो. खरं तर पैसे द्यायचे ते आकड्यांसाठी. डझनभर नावांनी मिळत असला तरी आतला सर्किट बोर्ड बहुतेकांत एकाच जातीचा असतो, म्हणून हे परीक्षण एका ब्रँडचं नाही, या वस्तूचं आहे.

पहिली शंका रास्त आहे. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा कंपनीनेच दिलेला असताना हे लोढणं कशाला? कारण तो दिवा चार्जिंगमधल्या एकाच तऱ्हेच्या बिघाडावर ओरडतो. बाकीच्या वेळी गप्प बसतो, आणि गाडी बंद पडण्याची कारणं बहुधा त्या बाकीच्यांतच असतात.

दिवा नेमकं काय पाहतो

दिव्यावर चित्र बॅटरीचं असलं तरी त्याची नजर अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावर, असते. जुन्या साध्या जोडणीत बल्बची एक बाजू इग्निशन स्विचला आणि दुसरी अल्टरनेटरच्या 'एल' टर्मिनलला (काही गाड्यांत 'डी प्लस') जोडलेली असते. किल्ली 'ऑन'वर आणली आणि इंजिन बंद आहे, तेव्हा रोटरच्या (अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या भागाच्या) गुंडाळीतून त्या बाजूला अर्थिंग मिळतं आणि बल्ब पेटतो. बल्बमधून जाणारा तोच थोडासा करंट रोटरला सुरुवातीचं चुंबकत्व देतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटरने वीज द्यायला घेतली की बल्बच्या दोन्ही टोकांना जवळपास सारखा व्होल्टेज येतो आणि बल्ब विझतो. म्हणजे दिवा पाहतो तो दोन टोकांमधला फरक. फरक नाही, तर दिवा नाही.

आता यातून काय काय निसटतं ते बघा. बॅटरी चार वर्षांची झाली, एक सेल बसला, पण अल्टरनेटर ठणठणीत आहे: दिवा विझलेलाच राहणार. सकाळी सेल्फ नुसता कट-कट करतो आणि मालक म्हणतो, 'दिवा तर कधी लागलाच नव्हता.' कटाउट, म्हणजे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर, बिघडून व्होल्टेज १५.५च्या वर गेला: साध्या जोडणीत दोन्ही टोकं एकत्रच वर जातात, दिवा विझलेला. बॅटरीचं पाणी आटतं, बॉनेट उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो, हेडलाइटचे बल्ब लागोपाठ उडतात, पण डॅशबोर्ड शांत. कार्बन (रोटरला वीज पोचवणारे ब्रश) झिजलेत किंवा बेल्ट किंचित घसरतोय आणि १४.२ ऐवजी १३च मिळतायत, तरीही बहुधा शांतताच.

चौथी तऱ्हा सगळ्यांत फसवी. दिव्याचा बल्बच गेला, तर इशारा तर गेलाच, शिवाय रोटरला मिळणारा तो सुरुवातीचा करंटही गेला. मग इंजिन सुरू केल्यावर अल्टरनेटर झोपलेलाच राहतो आणि एकदा जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावरच जागा होतो. म्हणून रोज किल्ली 'ऑन' केल्यावर, सेल्फ मारण्याआधी, बॅटरीचा दिवा लागतोय ना हे पाहायचं. न लागणं हा बिघाड आहे. ऑइल प्रेशरच्या दिव्यालाही हाच नियम लागू.

नव्या गाड्यांत बल्ब आणि 'एल' टर्मिनलचा हा थेट संबंध राहिलेला नाही. अल्टरनेटरशी इसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) बोलतो, मीटर कन्सोलला संदेश जातो आणि मग एलईडी लागतो. जास्त व्होल्टेजवरही काही गाड्या इशारा देतात. पण किती खाली आणि किती वेळ गेल्यावर दिवा लावायचा हे कंपनीने ठरवलेलं असतं, आणि बॅटरीची तब्येत अजूनही त्या दिव्याचा विषय नसतो.

एक खूण मात्र दिव्यातूनच मिळते. रात्री इंजिन चालू असताना तो मिणमिणता दिसला, दिवसा दिसतही नाही इतका, तर साध्या जोडणीच्या गाडीत अल्टरनेटरच्या डायोड प्लेटमधला (उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करणाऱ्या भागातला) एखादा डायोड गेलेला असण्याची किंवा अल्टरनेटर ते बॅटरी वायरीत व्होल्टेज गळत असण्याची शक्यता मोठी. सोबत स्टीरिओतून इंजिनच्या आरपीएमप्रमाणे चढ-उतार होणारी शीळ येत असेल, तर संशय डायोडवर पक्का करावा.

एकदम तीन-चार दिवे

पॉवर स्टिअरिंगचा, एबीएसचा आणि एअरबॅगचा दिवा एकाच वेळी लागला, तर तीन यंत्रणा एकदम बिघडल्या असं क्वचितच असतं. तिघांना लागतो तो व्होल्टेज घसरलेला असतो, किंवा अर्थिंगची वायर सैल असते. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग हा गाडीतला मोठा खादाड ग्राहक. पार्किंगमध्ये चाक पूर्ण वळवताना तो क्षणात मोठा करंट ओढतो आणि दुबळी बॅटरी तिथेच उघडी पडते. एबीएसचा सेन्सर बदलण्याचं कोटेशन हातात पडण्याआधी बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का, त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी आहे का, एवढं तरी बघून घ्यावं. कोकणपट्टीत आणि मुंबईच्या दमट हवेत ही बुरशी एका पावसाळ्यात चढते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून ती धुवायची, टर्मिनल कोरडे करून घट्ट करायचे आणि वरून पेट्रोलियम जेली लावायची. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी.

काही जुन्या जपानी बनावटीच्या गाड्यांत बॅटरी आणि हँडब्रेक हे दोन दिवे जोडीने लागतात. ब्रेकच्या दिव्याची तपासणी तिथे अल्टरनेटरच्याच सर्किटमधून होते. ब्रेक ऑइल पुरेसं आहे आणि हँडब्रेक सोडलेला आहे हे बघून मग अल्टरनेटरकडे वळावं.

आकडे वाचायचे कसे

व्होल्टमीटर हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे त्याला पारखणं. हे मीटर साधारण ०.१ व्होल्टच्या पायरीने दाखवतात आणि वर सॉकेटच्या वायरी, फ्यूज, रिले यांत थोडा व्होल्टेज खर्च होतो. त्यामुळे बॅटरीच्या टर्मिनलवर १४.२ असताना सॉकेटमध्ये १३.९ दिसणं सर्रास घडतं. इंजिन चालू ठेवून, यूएसबीला काहीही न लावता, साध्या मल्टिमीटरने टर्मिनलवरचा आकडा घ्या, सॉकेटमधला घ्या आणि फरक लक्षात ठेवा. पुढे प्रत्येक वेळी तेवढा मिळवायचा. यूएसबीवर जलद चार्जिंग सुरू असताना फरक आणखी वाढतो, म्हणून निदान करताना मोबाइल काढून ठेवावा.

सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सेल्फ मारण्याआधीचा आकडा हा बॅटरीचा. टर्मिनलवर १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. गाडी नुकतीच बंद केली असेल तर हा आकडा खोटा चढलेला असतो. किल्ली 'ऑन' केल्यावर ब्लोअर, पंप वगैरे लोड लागून तो थोडा उतरतो, म्हणून शक्यतो 'अ‍ॅक्सेसरी'वरच वाचावा. रोज १२.२च्या आसपास उठणारी बॅटरी एक तर संपत आलीय, किंवा गाडीच्या छोट्या फेऱ्यांमध्ये भरली जात नाहीये, किंवा रात्री कोणीतरी वीज पितंय. तिन्हींवर लाल दिव्याचं काहीही म्हणणं नसतं.

इंजिन चालू असताना बहुतेक साध्या गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. विदर्भातल्या मे महिन्यात, बॉनेटखाली भट्टी पेटलेली असताना, १३.५ दिसले तर घाबरू नका: रेग्युलेटर उष्णतेप्रमाणे व्होल्टेज मुद्दाम कमी करतो. आता लोड टाकून पाहा. एसी, ब्लोअर पूर्ण, हेडलाइट, मागच्या काचेचा डिफॉगर, सगळं चालू. आयडलवर आकडा १३.२पर्यंत उतरला आणि दीड-दोन हजार आरपीएमला परत चढला, तर ठीक, कारण कमी फेऱ्यांवर अल्टरनेटर आपल्या क्षमतेचा थोडाच भाग देतो. चढलाच नाही आणि १२.५च्या खाली सरकत राहिला, तर अल्टरनेटर कमी पडतोय आणि बॅटरी खर्च होतेय. या घटकेलाही दिवा लागलेला असेलच असं नाही, आणि पैसे वसूल होतात ते इथे.

१५च्या वर सातत्याने दिसले आणि मल्टिमीटरनेही तेच सांगितलं, तर गाडी लांब नेऊ नका. बॅटरी उकळण्याबरोबर इसीयूचाही जीव धोक्यात असतो.

नव्या गाड्यांबाबत मात्र सावध. मारुतीच्या एसएचव्हीएस (सौम्य हायब्रिड) गाड्या आणि इसीयू-नियंत्रित अल्टरनेटरच्या इतर अनेक गाड्या इंधन वाचवण्यासाठी सरळ रस्त्यावर चार्जिंग मुद्दाम सैल सोडतात. आकडा १२.७ ते १३वर येतो, आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की १४.५च्या वर उसळतो. हा बिघाड नाही. अशा गाडीत हेडलाइट लावून पाहावं. बऱ्याच गाड्यांत इसीयू लगेच व्होल्टेज वर नेतो. या चढ-उतारामुळे मीटरवर वैतागून 'अल्टरनेटर गेला' म्हणत गॅरेज गाठणारे कमी नाहीत. वस्तूच्या खोक्यावर याचा एक शब्द नसतो आणि सोबतच्या चिठ्ठीत तर फक्त वॉरंटीचा मजकूर.

कुठे कमी पडतो

सर्वांत मोठी उणीव ही की सेल्फ मारतानाचा आकडा तो दाखवू शकत नाही. बहुतेक गाड्यांत त्या क्षणी अ‍ॅक्सेसरी सॉकेटची वीज तोडलेली असते. बॅटरीची खरी परीक्षा तर तेव्हाच होते: सेल्फ फिरत असताना टर्मिनलवर ९.६च्या खाली उतरणारी बॅटरी, ती आधी पूर्ण भरलेली असेल तर, बदलायला झालीय. हे पाहायला मल्टिमीटर आणि दुसरा माणूस लागतो.

दुसरं म्हणजे काही गाड्यांत सॉकेट किल्ली काढल्यावरही जिवंत राहतं. तिथे हा मीटर दिवसरात्र जळतो. २० मिलीअँपियर धरले तरी महिनाभरात १४ अँपियर-तास गेले, आणि छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी असते ३५ची. गावी जाताना गाडी उभी करून ठेवायची असेल तर काढून ठेवावा. बॅटरी सांभाळायला आणलेल्या वस्तूनेच बॅटरी संपवणं म्हणजे कमालच.

रात्री लाल अंक डोळ्यांत खुपतात. निळे तर त्याहून वाईट. अंकांवर गडद सेलोटेपचा तुकडा चिकटवला की काम भागतं. स्वस्त नगांमधला यूएसबीचा भाग एफएम रेडिओत खरखर आणतो आणि तापतो. स्प्रिंग ढिली असेल तर खड्ड्यात आकडा लुकलुकतो, आणि मग दोष सॉकेटचा की चार्जिंगचा हे कळत नाही.

मल्टिमीटर आणि ओबीडी अडॅप्टरशी तुलना

पिवळ्या रंगाचा डीटी-८३० जातीचा मल्टिमीटर जवळपास याच किमतीत येतो आणि निदानाला तो कितीतरी वरचढ. २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा, लाल प्रोब पॉझिटिव्हला, काळा निगेटिव्हला. त्याची खरी कमाल व्होल्टेज कुठे गळतोय हे शोधण्यात आहे. इंजिन दीड हजार आरपीएमवर, हेडलाइट-ब्लोअर चालू. एक प्रोब अल्टरनेटरच्या मागच्या जाड 'बी प्लस' बोल्टवर, दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. ०.३ व्होल्टहून जास्त आला तर ती वायर किंवा तिच्या टोकाची लग (बोल्टवर बसणारी कडी) खराब. मग अल्टरनेटरच्या धातूच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, इथे ०.२च्या वर गेलं तर अर्थिंग साफ करा. अल्टरनेटर चांगला असताना तो बदलला जातो, तो बहुधा हे पाच मिनिटांचं मोजमाप टाळल्यामुळे. हे करताना ओढणी, मफलर, सैल बाही पंखा आणि बेल्टपासून लांब.

पण याच पिवळ्या मीटरवर डायोड तपासण्याची 'एसी रिपल' चाचणी, म्हणजे डीसीत मिसळलेली उलटसुलट वीज मोजणं, करू नका. या स्वस्त मीटरच्या एसी रेंजमध्ये डीसी अडवायची सोय नसते. १४ व्होल्ट डीसीला तो २८-३० असं काहीतरी दाखवतो, प्रोब उलटे केले की शून्याजवळ जातो. चांगल्या मीटरवर हीच चाचणी उपयोगी आहे: बॅटरीवर लोडसह अर्धा व्होल्ट एसीच्या वर दिसला तर डायोड प्लेट उघडायला लावावी. आणि १० अँपियरच्या भोकात प्रोब असताना बॅटरीच्या दोन टर्मिनलना तो कधीही लावू नका. स्वस्त मीटरच्या त्या वाटेवर बहुधा फ्यूजच नसतो.

ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ अडॅप्टर ओबीडी पोर्टच्या (गाडीतले बिघाडाचे कोड वाचायच्या सॉकेटच्या) १६ नंबरच्या पिनवरून व्होल्टेज वाचतो. ती थेट बॅटरीची वाट, त्यामुळे सॉकेटइतकी गळती नाही, आणि सेल्फ मारतानाही वीज तुटत नाही. मात्र नकली चिपचे अडॅप्टर आकड्यात सहज दोन-तीन दशांश चुकतात, म्हणून पारख इथेही हवी. त्याचा खरा फायदा चेक इंजिनच्या दिव्यामागचे कोड: पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी, पी०५६३ म्हणजे जास्त, पी०६२० आणि पी०६२२ म्हणजे अल्टरनेटरच्या नियंत्रणाचं सर्किट. पी०५६२ सोबत सेन्सरचे आणखी पाच कोड दिसले तर आधी व्होल्टेज नीट करायचा, कोड पुसायचे, आणि परत किती येतात ते पाहायचं. १६ नंबरची पिनही कायम जिवंत असते, तेव्हा अडॅप्टर लावून गाडी आठवडाभर सोडू नये.

तिघांत एकच घ्यायचा असेल तर मल्टिमीटर. दोन घेता येत असतील तर मल्टिमीटर आणि सॉकेटमधला मीटर: पहिला निदानाला, दुसरा रोज नजरेसमोर राहायला. एक जुनी रीत मात्र सोडाच. 'डायनॅमो चालतोय का' बघायला चालू इंजिनात बॅटरीचा टर्मिनल काढणारे कारागीर अजून भेटतात. त्या क्षणी अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो आणि इसीयू किंवा रेग्युलेटर जाऊ शकतो. कोणी पाना घेऊन पुढे आलाच तर त्याला मीटर दाखवा.

वाटेत दिवा लागला आणि मीटर १२वर आला तर

पहिली नजर तापमानाच्या काट्यावर. मारुतीच्या के-सीरिजसारख्या कित्येक इंजिनांत पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर एकाच बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटला असेल तर पुढे जाणं म्हणजे हेड गॅस्केट घालवणं, तेव्हा बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करायचं. काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. तिथे बेल्टबरोबर ब्रेकची मदतही जाते आणि पेडल दगडासारखं कडक होतं. घाटात ही फार वाईट गोष्ट.

बेल्ट शाबूत आणि तापमान ठीक असेल, तर एसी, म्युझिक, डिफॉगर, मोबाइल चार्जिंग बंद करा, इंजिन बंद करू नका आणि जवळच्या गॅरेजकडे निघा. ३५ अँपियर-तासांच्या बॅटरीतून वापरता येण्यासारखे निम्मे धरू. दिवसा इंजेक्शन, पेट्रोल पंप, रेडिएटरचा पंखा मिळून सरासरी १५ अँपियर लागले तर तासभर मिळेल. रात्री पावसात हेडलाइट, वायपर, ब्लोअर धरून ३० ते ३५ गेले तर जेमतेम अर्धा तास. सॉकेटमधला आकडा ११.५च्या खाली गेला की सुरक्षित जागा बघून थांबा. इलेक्ट्रिक स्टिअरिंग मध्येच जड होतं, आणि पूर्ण बंद पडल्यावर गाडी रस्त्याच्या मधोमध असायला नको.

गॅरेजमध्ये सरसकट नवा अल्टरनेटर सांगितला तर विचारा: बेल्टचा ताण पाहिला का, कार्बन किती उरलेत, कटाउट वेगळा मिळतो का. बऱ्याच मॉडेलमध्ये कार्बन होल्डर आणि रेग्युलेटर मिळून एकच सुटा भाग असतो आणि तेवढाच बदलता येतो. काही डिझेल गाड्यांत अल्टरनेटरची पुली एकाच दिशेने पकडणारी असते. ती घसरायला लागली की दिवा लागतो-विझतो आणि आत सगळं शाबूत असतं.

घेताना

दशांशानंतर एक अंक तरी दाखवणारा घ्या. नुसते 'लो-मिडियम-हाय'चे तीन एलईडी असलेले टाळा, त्यांना १२.३ आणि १२.७ सारखेच. मधली पिन दाबून पाहा, स्प्रिंग कडक हवी. आतला फ्यूज बदलता येत असेल तर उत्तम. तो मधल्या पिनेच्या टोपीखाली असतो, टोपी फिरवून निघते. लावल्यावर मीटर काहीच दाखवत नसेल तर परत पाठवण्याआधी गाडीच्या फ्यूज बॉक्समधला सॉकेटचा फ्यूज तपासा. पूर्वी कोणीतरी त्यात टायरचा कॉम्प्रेसर लावून तो उडवलेला असण्याची शक्यता बरीच असते. उडालेल्या फ्यूजवर जो अँपियरचा आकडा असेल, तेवढ्याचाच नवा घालायचा.